टॅप लावण्याआधी भोक: घरच्या वर्कशॉपमध्ये आटे पाडायला शिकताना

दिवाळीच्या आधी समई घासायला काढली की आपण तिचे भाग फिरवून सुटे करतो आणि घासून झाले की फिरवून पुन्हा बसवतो. आजीचा फिरकीचा तांब्या प्रवासात आडवा झाला तरी पाण्याचा थेंब सांडत नसे. आटे आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण लोखंडात स्वतः आटे पाडायची वेळ आली, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत मी चार टॅप मोडले. टॅप म्हणजे भोकात फिरवून आतून आटे कापायचं हत्यार. चौथा मोडला त्या संध्याकाळी आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहणारे फिटरकाका खाली आले. त्यांनी मोडलेल्या टॅपकडे पाहिलंसुद्धा नाही. "ड्रिल कितीचं लावलं होतंस?" एवढंच विचारलं.

त्या प्रश्नात सगळं आलं. टॅप मोडतो तेव्हा खरी चूक बहुधा अर्ध्या तासापूर्वी, भोक पाडताना झालेली असते. म्हणून या लेखात टॅपपेक्षा भोकाबद्दल जास्त लिहिलं आहे.

घरी एक बेंच ड्रिल किंवा निदान हँड ड्रिल, एक व्हाइस (काम आवळून धरायचा शिकंजा) आणि थोडी जागा असलेल्यांसाठी हे आहे. माझी खोली बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आहे, आठ बाय दहा फूट. मराठीत लिहिण्याला कारण आहे. दुकानात मी गुजरातीत बोलतो, व्हिडिओ हिंदीत पाहतो, टॅपच्या खोक्यावर इंग्रजी असतं, आणि समजलं मात्र काकांनी मराठीत सांगितलं तेव्हा. १८९० साली सयाजीराव महाराजांनी याच गावात कलाभवन काढलं. त्याची घडी बसवणाऱ्या त्रिभुवनदास गज्जरांचा आग्रह होता की हातची विद्या मातृभाषेतून शिकवावी. मला तो आग्रह पटतो.

१. कोणते आटे हवेत ते आधी ठरवा

नवीन काही बनवत असाल तर मेट्रिक, भरड पिचचे आटे घ्या आणि पुढे जा. एम४, एम५, एम६ आणि एम८ या चार मापांत घरची नव्वद टक्के कामं होतात. एम६ म्हणजे बोल्टचा बाहेरचा व्यास ६ मिमी. पिच म्हणजे एका आट्यापासून शेजारच्या आट्यापर्यंतचं अंतर. एम६ चा पिच १ मिमी असतो, म्हणजे बोल्ट एक फेरा फिरला की बरोबर १ मिमी आत जातो. हे लक्षात ठेवा, पुढे खोली मोजायला उपयोगी पडेल.

गुंता होतो तो जुन्या वस्तूंमध्ये. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. त्याआधीची आणि नंतरचीही कितीतरी यंत्रं इंची आट्यांची आहेत, म्हणजे बीएसडब्ल्यू, ब्रिटिश व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ठरवलेल्या या आट्यांचा कोन ५५ अंश असतो, मेट्रिकचा ६०. जुन्या बाजारातून एखादी लेथ, व्हाइस किंवा शिलाई मशीनचा पाट आणलात तर त्यात मेट्रिक आटे असतीलच असं धरून चालू नका.

दुकानातही ही मापं अजून सुतात बोलली जातात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच, तीन सूत म्हणजे ३/८ इंच, चार सूत म्हणजे अर्धा इंच. "एम६ द्या" म्हटल्यावर समोरच्याने दोन सुती बोल्ट काढून ठेवला, असं माझ्यासमोर झालेलं आहे. दिसायला दोन्ही सारखे. पण पाव इंच बीएसडब्ल्यूचे इंचाला २० आटे असतात, म्हणजे पिच १.२७ मिमी, आणि एम६ चा १ मिमी.

सगळ्यात फसवी जोडी एम८ आणि अडीच सुताची, म्हणजे ५/१६ इंचाची. अडीच सुती बोल्ट ७.९४ मिमीचा, एम८ आठचा. व्हर्निअरवर फरक नगण्य वाटतो. पिच मात्र एकाचा १.४१ आणि दुसऱ्याचा १.२५. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या भोकात दोन-तीन फेरे गोडीगुलाबीने जातो आणि मग अडकतो. तिथे पाना लावून जोर दिलात तर दोन्हीकडचे आटे गेले.

ओळखायचं कसं? पिच गेज (आट्यांवर टेकवून बघायच्या दातेरी पट्ट्या) असेल तर उत्तम, दोनशे-तीनशे रुपयांच्या आसपासची वस्तू आहे. नसेल तर बोल्ट पट्टीला टेकवून दहा आट्यांची लांबी मोजा आणि दहाने भागा. १२.५ मिमी आली तर पिच १.२५. नाहीतर ज्याचं माप तुम्हाला पक्कं माहीत आहे असा एक बोल्ट त्याला समांतर लावून दोघांचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडे धरा. फट दिसली तर पिच वेगळा.

२. काय काय लागेल

चाळीस नगांचा चकचकीत टॅप-डाय सेट घेऊ नका. माझा पहिला सेट तसा होता, त्यावर कंपनीचं नावही नव्हतं. त्यातले टॅप कापत नव्हते, धातू चेंबत होते. त्याऐवजी लागेल त्या मापाचा तीन टॅपचा एक-एक सेट घ्या, दांड्यावर एच.एस.एस. (हाय स्पीड स्टील) कोरलेला. टोटेम, ॲडिसन, एम्के ही नावं दुकानदार ओळखतात. इथल्या मकरपुरा जीआयडीसीच्या (औद्योगिक वसाहतीच्या) आसपासच्या टूल्सच्या दुकानात गेलात तर "आंटा पाडवाना छे, एम६, हँड टॅप, सेट" एवढं सांगितलं तरी पुरतं.

तीन टॅपमधला फरक नीट समजून घ्या, कारण हा कुणी सांगत नाही. काही सेटमध्ये तिन्ही टॅप एकाच मापाचे असतात. फरक फक्त टोकाच्या उताराचा: पहिल्याला, म्हणजे टेपरला, सात-आठ आट्यांपर्यंत उतार, दुसऱ्याला चारेक, तिसऱ्याला, ज्याला बॉटमिंग किंवा प्लग म्हणतात, एक-दोन. अशा सेटमध्ये आरपार भोकाला पहिला टॅप पूर्ण खाली घातला की काम झालं. दुसऱ्या प्रकारच्या सेटमध्ये दांड्यावर गोल रेघा असतात: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एकही नाही. यात पहिले दोन मुद्दाम बारीक असतात आणि पूर्ण माप तिसराच देतो. मी रेघांचा सेट वापरत होतो आणि पहिल्याच टॅपवर थांबत होतो. बोल्ट आत का जात नाही या विचारात एक रविवार गेला.

बाकीचं सामान:

टॅप रेंच, म्हणजे टॅप पकडून फिरवायचा दांडा, दोन. एम३ ते एम६ साठी लहान, एम८ ते एम१२ साठी मोठा. मोठ्या रेंचला लहान टॅप लावला की हाताला जोर कळतच नाही आणि टॅप जातो.

त्या-त्या टॅपला लागणारे ड्रिल, नेमक्या मापाचे. याबद्दल पुढे.

सेंटर पंच, हातोडी, मार्किंगसाठी रेघणी. लहान गुण्या, चार इंची पुरतो. काउंटरसिंक (भोकाचं तोंड उतरतं कापून रुंद करायचं हत्यार) किंवा निदान एक मोठं ड्रिल. कटिंग ऑइल, रंगाचा जुना ब्रश, बारीक तार. गॉगल. हातमोजे ड्रिल चालू असताना घालायचे नाहीत. ड्रिल मोजा पकडतं आणि मोज्याबरोबर बोटंही ओढतं.

पावसाळ्यात टॅप तेलकट कागदात गुंडाळून ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा माझ्या मावसभावाच्या खोलीत पाणी शिरलं. त्याच्या टॅपच्या धारांवर गंजाचे ठिपके पडले. ते टॅप पुसून पुन्हा वापरले, पण ठिपक्यांच्या जागी कापणं खरखरीत झालं ते झालंच.

३. ड्रिल कितीचं?

हाच तो काकांचा प्रश्न.

एम६ चा बोल्ट, म्हणून ६ चं भोक, असं पहिल्यांदा प्रत्येकाला वाटतं. ६ चं भोक पाडलं तर बोल्ट नुसता खाली पडेल, आट्यांना कापायला धातूच उरणार नाही. बाहेरच्या व्यासातून पिच वजा करा, ते तुमचं ड्रिल. एम६ उणे १ बरोबर ५. तोंडपाठ करायची यादी अशी:

एम३, पिच ०.५: ड्रिल २.५
एम४, पिच ०.७: ड्रिल ३.३
एम५, पिच ०.८: ड्रिल ४.२
एम६, पिच १: ड्रिल ५
एम८, पिच १.२५: ड्रिल ६.८
एम१०, पिच १.५: ड्रिल ८.५
एम१२, पिच १.७५: ड्रिल १०.२

पाव इंच बीएसडब्ल्यूसाठी ५.१ घ्या.

ही यादी मी कार्डावर लिहून ड्रिल मशीनच्या खांबाला चिकटवली आहे. ६.८ आणि ४.२ ही ड्रिल नेहमीच्या अर्ध्या-अर्ध्या मिमीच्या सेटमध्ये येत नाहीत, सुटी घ्यावी लागतात. "६.५ आहे ना, चालवून घेऊ" ही इथली नेहमीची घसरगुंडी. ०.३ मिमी कमी म्हणजे टॅपला प्रत्येक आट्यात कितीतरी जास्त धातू कापावा लागतो, चूर टॅपच्या अंगावरच्या खाचेत दाबला जातो आणि टॅप पिळवटून तुटतो. माझे पहिले दोन टॅप असेच गेले: एम८ ला ६.५ चं भोक.

उलट बाजूला थोडी मोकळीक आहे. पिच वजा करून जे भोक मिळतं त्यात आट्यांची उंची पूर्ण उंचीच्या साधारण ७७ टक्के असते. मनाला वाटतं की शंभर टक्के असती तर अजून घट्ट झालं असतं. तसं होत नाही. नेहमीच्या बोल्टला या उंचीचे आटे पुरेसे मजबूत असतात. त्यापुढे मजबुती फार थोडी वाढते आणि टॅप फिरवायचा जोर मात्र भराभर वाढतो. म्हणून स्टेनलेससारख्या चिवट धातूत मी एम६ साठी ५ ऐवजी ५.१ लावतो. हे माप एम६ च्या नेहमीच्या मर्यादेतच बसतं आणि हाताला फरक लगेच कळतो.

एक सापळा इथे अजून आहे. बोथट किंवा वाकडं घासलेलं ड्रिल आपल्या मापापेक्षा मोठं भोक पाडतं. ५ लिहिलेलं ड्रिल ५.३ चं भोक पाडू शकतं, आणि मग आटे उथळ होऊन बोल्ट आवळताच सुटतात. नव्या ड्रिलने आधी फालतू तुकड्यावर भोक पाडा आणि त्यात ड्रिलचाच दांडा घालून बघा. डुलत असेल तर ते ड्रिल टॅपिंगसाठी नको.

४. भोक सरळ पाडा

टॅप भोकाच्या मागे जातो. भोक तिरकं असेल तर टॅपही तिरका जाईल, तुम्ही कितीही जपलंत तरी.

रेघणीने खूण करा, फुलीवर पंच मारा. आधी हलका ठोका, जागा बघा, मग जोरात. काम व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पने आवळा. बारीक पट्टी हातात धरून ड्रिल करू नका. ड्रिल खालून बाहेर पडतानाच ते पट्टीत अडकतं आणि पट्टी पंख्याच्या पात्यासारखी फिरते. माझ्या ओळखीच्या एका मुलाच्या अंगठ्याला सात टाके पडले ते अशाच वेळी.

एम.एस.मध्ये (माइल्ड स्टील, साधं मऊ पोलाद) एच.एस.एस. ड्रिलचा कापण्याचा वेग मिनिटाला साधारण २५ मीटर धरा. म्हणजे ५ च्या ड्रिलला १६०० आरपीएम, १० च्या ड्रिलला ८००. बेंच ड्रिलवर बेल्ट बदलून जवळचा वेग लावा. स्टेनलेसला याच्या निम्मा.

भोक झालं की काउंटरसिंकने तोंड उघडा, बोल्टच्या व्यासापेक्षा किंचित मोठं होईल इतकंच. हे मी दोन वर्षं टाळलं, वेळ वाचवण्यासाठी. तोंड उघडलं नाही तर पहिला आटा वर उचलला जाऊन कडेला फुगवटा येतो, वरची पट्टी सपाट बसत नाही आणि टॅपला सुरुवातीला सरळ उभं राहायला आधार मिळत नाही. दोन फेऱ्यांचं काम आहे.

फक्त हँड ड्रिल असेल त्यांच्यासाठी: लोखंडाचा किंवा कडक लाकडाचा जाड ठोकळा घ्या आणि त्यात कुठल्यातरी वर्कशॉपमधून लंब भोकं पाडून घ्या, ५, ६, ८ अशी. ठोकळा कामावर क्लॅम्प करायचा आणि त्या भोकातून ड्रिल घालायचं. हाच ठोकळा पुढे टॅपलाही सरळ धरायला कामी येतो. ६ च्या भोकातून एम६ चा टॅप नीट उभा राहतो.

आटे किती लांब हवेत? लोखंडात बोल्टच्या व्यासाइतके पुरतात. बिडात (ओतीव लोखंडात) दीडपट घ्या. ॲल्युमिनियममध्ये दीड ते दोनपट. दोन मिमीच्या पत्र्यात एम६ चे दोनच आटे येतात. तिथे टॅपिंग करू नका, मागे नट वेल्ड करा.

५. पहिले दोन फेरे

इथे घाई चालत नाही.

टेपर टॅप रेंचमध्ये घट्ट धरा, धारांना तेल लावा, भोकाच्या तोंडावर उभा करा. एका हाताचा तळवा रेंचच्या मधोमध ठेवून खाली दाब द्या आणि दुसऱ्या हाताने फिरवा. टॅप धातू पकडतो तेव्हा हाताला कळतं, विहिरीत सोडलेला गळ कडीत अडकावा तसं. दीड-दोन फेरे झाले की थांबा. रेंच काढा. गुण्या टॅपच्या एका बाजूला उभा करून बघा, मग काटकोनात दुसऱ्या बाजूने बघा. दोन्हीकडून बघायला हवं. समोरून सरळ दिसणारा टॅप बाजूने वाकलेला असू शकतो.

तिरका असेल तर टॅप मागे फिरवून बाहेर काढा आणि सरळ धरून पुन्हा सुरू करा. दोन फेऱ्यांत दुरुस्ती होते. पाच फेऱ्यांनंतर वाकवून सरळ करायला गेलात तर टॅप तुटेल, कारण तोवर आटेच त्याला तिरकं धरून ठेवतात.

बेंच ड्रिल असेल तर मी एक सोपी रीत वापरतो. भोक पाडल्यावर काम व्हाइसमधून हलवायचंच नाही. ड्रिल काढून त्याच चकमध्ये (मशीनच्या ड्रिल धरणाऱ्या जबड्यात) टॅप धरायचा, मशीनचा प्लग भिंतीतून काढायचा (नुसता स्विच बंद करून भागत नाही, कोपर लागून तो चालू होऊ शकतो), आणि चक हाताने फिरवत हँडलने हलका दाब द्यायचा. चार-पाच फेरे असे झाले की चक सैल करून वर न्यायचा आणि टॅपला रेंच लावून पुढचं हाताने करायचं. भोक आणि टॅप एकाच रेषेत राहतात. हे शिकल्यापासून माझा टॅप तिरका गेलेला नाही.

६. पुढे अर्धा, मागे पाव

टॅप पकडल्यावर खाली दाब देऊ नका. तो स्वतः स्वतःला खेचत जातो. दोन्ही हातांनी रेंच सारख्या जोराने फिरवा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवताना "कट्" असं हलकं जाणवतं. तो चूर तुटल्याचा क्षण. तो आला की पुन्हा पुढे. चूर तोडला नाही तर लांब स्प्रिंगसारखा होऊन खाचांत भरतो आणि टॅप आवळला जातो.

हाताकडे लक्ष द्या. नेहमीचा जोर एकसारखा लागतो, जरा चिकट, पण एकसारखा. अचानक जड झालं तर पुढे ढकलू नका. मागे फिरवा, टॅप पूर्ण बाहेर काढा, ब्रशने साफ करा, तेल लावा, पुन्हा घाला. टॅप तुटण्याआधी किंचित लवचीक वाटतो, रबरासारखा. रेंच फिरतोय पण टॅपचं टोक फिरत नाही असं वाटलं की हात सोडा. एम३ आणि एम४ मध्ये ही सूचना फार थोडा वेळ मिळते, म्हणून सराव एम६ किंवा एम८ वर करा. १० मिमी जाड एम.एस.ची पट्टी घ्या आणि तिच्यात ओळीने दहा भोकं पाडून दहा वेळा टॅपिंग करा. दहाव्या भोकापर्यंत हाताला जी समज येते ती कुठल्याही वर्णनातून येत नाही.

गन टॅप नावाचे टॅप मिळतात, त्यांचं टोक तिरकं घासलेलं असतं आणि चूर पुढे ढकललं जातं. आरपार भोकाला ते फार छान, आणि त्यांना मागे फिरवायची गरज नाही. पण आधी हँड टॅप शिका.

७. कुठल्या धातूला काय लावायचं

एम.एस. आणि बाकी पोलाद: गंधकयुक्त कटिंग ऑइल, भरपूर. इंजिन ऑइल यासाठी बनलेलं नाही, अगदीच काही नसेल तरच.

ॲल्युमिनियम: रॉकेल उत्तम. आता ते सहज मिळत नाही, डब्ल्यूडी-४० नेही काम भागतं. कोरडं मात्र कधीच नाही. ॲल्युमिनियम टॅपला चिकटतं आणि आटे ओरबाडले जातात.

पितळ: कोरडं किंवा तेलाचा एक थेंब. चूर भुकटीसारखा पडतो, कामही सोपं. पहिल्यांदाच हात लावत असाल तर पितळ घ्या.

बीड: कोरडं. बिडात ग्रॅफाइट असतं, तेच तेलाचं काम करतं. तेल लावलंत तर काळा चिखल होतो. ही काळी भुकटी तोंडाने फुंकू नका, डोळ्यात जाते. ब्रश वापरा.

स्टेनलेस: जाड गंधकी तेल आणि संयम. मध्येच थांबून टॅप जागच्या जागी घासत राहिलात तर पृष्ठभाग कडक होतो आणि पुढे कापणं अवघड जातं. कापत राहा किंवा बाहेर काढा.

८. बंद भोक

भोक आरपार नसेल तर टॅपच्या टोकाला तळ लागतो, आणि तळ लागल्याचं कळेपर्यंत टॅप गेलेला असतो. माझा तिसरा टॅप असाच गेला.

भोक लागणाऱ्या आट्यांपेक्षा खोल पाडा. पाच-सहा पिच जास्त. म्हणजे एम६ चे १२ मिमी आटे हवे असतील तर ड्रिल १८ मिमी खोल घाला. टॅपला भोकाच्या खोलीपेक्षा जरा कमी लांबीवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळा, किंवा फेरे मोजा. एम६ मध्ये एक फेरा म्हणजे एक मिलिमीटर. मी मोठ्याने मोजतो.

पहिला टॅप, मग दुसरा, मग तळापर्यंत हवं असेल तर तिसरा. दर तीन-चार फेऱ्यांनी टॅप काढून चूर साफ करा. तारेच्या टोकाला ग्रीस लावून आत घातलं की चूर चिकटून बाहेर येतो. चुंबकाचं टोक लोखंडाला चालतं, ॲल्युमिनियमला अर्थातच नाही.

शेवटी तेल पूर्ण काढून भोक पुसा. तेलाने भरलेल्या बंद भोकात बोल्ट आवळला तर तेलाला जायला जागा नसते, आणि बिडाच्या भागाला त्या दाबाने तडा जाऊ शकतो. पंपाच्या बिडाच्या हाउसिंगला असा तडा गेलेला मी पाहिला आहे.

९. तपासणी

नवा, स्वच्छ बोल्ट बोटांनी घाला. तो शेवटपर्यंत बोटांनीच जायला हवा. मध्ये अडकला तर चूर राहिला आहे किंवा सेटमधला शेवटचा टॅप घालायचा राहिला आहे. बोल्ट आत घालून त्याच्या बाजूला गुण्या लावा. आटे उथळ होऊन बोल्ट फारच डुलत असेल तर पुढच्या मापाला जा, एम६ चं एम८ करा. ते शक्य नसेल तर हेलिकॉइल इन्सर्ट (तारेच्या वेटोळ्याचे तयार आटे) बसवून घ्या. ॲल्युमिनियममध्ये वारंवार उघडायचं असेल तर मी सुरुवातीपासूनच इन्सर्ट घालतो.

१०. टॅप मोडला तर

आधी थांबा. त्या क्षणी पक्कड घेऊन ओढावंसं वाटतं, पण त्याने तुकडा अजून आवळतो.

थोडा भाग वर दिसत असेल तर तारेने खाचांतला चूर काढा, तेल सोडा, दहा मिनिटं जाऊ द्या. मग व्हाइस-ग्रिपने पकडून अगदी थोडं पुढे, थोडं मागे, असं हलवत सैल करा. वर काहीच नसेल तर टॅप एक्स्ट्रॅक्टर मिळतो. त्याची बोटं टॅपच्या खाचांत उतरतात. त्या तुकड्यावर साधं ड्रिल चालवू नका. टॅप ड्रिलइतकाच कडक असतो. ड्रिल घसरून बाजूचा मऊ धातू खाईल. पंचने फोडायचा विचार असेल तर आधी गॉगल. एच.एस.एस. काचेसारखा फुटतो.

काम महत्त्वाचं असेल तर मकरपुऱ्यात स्पार्क इरोजन मशीनवाल्यांकडे न्या. ते ठिणगीने तुकडा जाळून काढतात आणि आटे शाबूत राहतात.

ॲल्युमिनियम किंवा पितळात टॅप मोडला असेल तर घरातच उपाय आहे, तो म्हणजे तुरटी. किराणा दुकानातली तुरटी कुटून गरम पाण्यात, आणखी विरघळणार नाही इतकी टाका. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात काम बुडवा आणि ते भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. लोखंडाचे बाकीचे स्क्रू, पिना आधी काढा, तुरटी त्यांनाही खाते. म्हणूनच एम.एस. किंवा बिडात हा उपाय चालत नाही. टॅपवर बारीक बुडबुडे येताना दिसतील. तो हायड्रोजन, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि जवळ पेटती ज्योत नको. भांडं पुन्हा स्वयंपाकात वापरू नका. वेळ भरपूर लागतो: एम४ च्या तुकड्याला माझे दोन दिवस गेले, दिवसातून चार-पाच वेळा पाणी गरम करत आणि ताजी तुरटी घालत. दुसऱ्या रात्री भोकात काळा गाळ उरला होता. ब्रशने धुतला तेव्हा खालचे आटे जसेच्या तसे होते, आणि मग नवा टॅप त्याच आट्यांत उतरवून राहिलेली खोली पूर्ण केली. या वेळी भोक आधी ३.३ चंच आहे ना, हे दांडा घालून तपासलं.